टाकीतला गाळ आणि वहीतला आकडा

काका,

तुम्ही आंजीहून पहिल्या एसटीने यायचात आणि चहाच्याही आधी फॉस्फेटच्या टाकीपाशी जायचात. रंगवण्याआधी कपाटाचे पत्रे त्या टाकीत बुडवायचे. राखाडी थर नीट चढला तरच रंग टिकायचा. रात्रभर थंड झालेल्या टाकीत गाळ तळाशी बसलेला असायचा. हीटर लावण्यापूर्वी तुम्ही तो काढायचात आणि मला, कारखान्यातल्या नव्या केमिस्टला, म्हणायचात, "गाळ तर येईनच बेटा. त्याले वर येऊ द्याचं नाई, येवढंच आपल्या हाती."

पत्र्यावरून नुसता अंगठा फिरवून तुम्ही टाकीत आम्ल वाढलंय का ते सांगायचात. मागाहून मी नळीने थेंब मोजून तपासायचे, तर आकडा तुमच्याच बाजूने. माझी पदविका एकीकडे आणि तुमचा अंगठा एकीकडे! हेवा वाटायचा मला, अगदी पोटातून.

त्या दिवशी तुम्ही केळझरला गणपतीच्या दर्शनाला गेला होतात, दुपारी येणार होतात. आम्ल वाढलंय म्हणून मी अर्धी बादली सोडा कोरडाच ओतला. बघता बघता टाकी ताकासारखी पांढरी झाली. पत्र्यांवर भुकटी चढली, बोटाने पुसली जाईल अशी. वसतिगृहाची कपाटं त्याच आठवड्यात जायची होती आणि माझी नोकरी अजून पक्की नव्हती. तुम्ही येता, टाकीत डोकावता, माझ्याकडे बघता.

"काऊन रडून राह्यली? सोडा पाण्यात विरघळवून थोडा थोडा टाकाचा असते. आता कोणी हात लावू नका. बसू द्या त्याले."

दुसऱ्या सकाळी वरचं नितळ पाणी तुम्ही पाइपने शेजारच्या टाकीत ओढून घेतलंत, तळाचा गाळ बादल्यांनी उपसलात, हीटरच्या नळ्यांवरची खपली लाकडी पट्टीने खरवडलीत. गाळ नाल्यात सोडू, असं कुणीतरी म्हणालं, तेव्हा एवढे तापलात की तो माणूस गुपचूप पिंपं आणायला गेला. संध्याकाळी पत्रे पुन्हा टाकीत उतरले.

मालक मात्र मला काढायलाच निघाले होते. तुम्ही तपासणीची वही त्यांच्यापुढे धरलीत.

"बाईनं तपासूनच टाकला जी सोडा. हा पाहा, आकडा लिवला हाये. हात जड झाला, बस."

मी राहिले. त्यानंतर तुम्ही मला विचारल्याशिवाय टाकीत चिमूटभरही काही टाकलं नाहीत. अंगठा फिरवायचात आणि तरी विचारायचात, "आकडा काय म्हणते?" माझ्या वहीला एवढा मान पुढे कुणीच दिला नाही.

तुम्ही जाऊन बारा वर्षं झाली. आता ती टाकी माझ्या ताब्यात आहे, आणि गाळ तुमच्याच रीतीने निघतो. हे पत्र कुठे पाठवायचं नाही, म्हणूनच धीर होतोय. काका, त्या दिवशी मी थेंब मोजलेच नव्हते. तुमच्यासारखा अंगठा फिरवून पाहिला होता. वहीतला तो आकडा तुम्ही येण्याआधी मी मनानेच लिहिला होता.