विम्बल्डनचा ससाणा

ती. बाबा,

गुडघा कसा आहे? मी मजेत आहे. रोज सकाळी, फाटक उघडण्याआधी, कोर्टांवरची कबुतरं पळवायला ससाणा सोडते. तो सहसा मारत नाही, नुसता धाक दाखवतो.

शर्यतीतून न परतलेली तुमची मेबल कबुतरी कुठे दिसली का, असं विचारलंत. दिसली. सेंटर कोर्टच्या गवतावर दमून बसली होती. पायातली निळी कडी मी लांबूनच ओळखली. ससाणा तिच्यावर झेपावला होता; शीळ घातली असती तर तो मागे फिरला असता.

लहानपणी माझी कबुतरी टिली शर्यतीतून उशिरा परतली, तेव्हा “उशीर केलास ना? भोग आता!” म्हणत तुम्ही तिची मान मुरगळली होतीत. मी शीळ घातली नाही.

कडी पाकिटात घातली आहे. आईला म्हणावं, काळजी नको, सामने वेळेवर सुरू झाले.

तुमचीच लाडकी,
हेझल