दक्षिणायनात तगलेली बॅटरी

ज्येष्ठ साडूभाऊंच्या चरणी, म्हणजे गुडघा बरा असेल तर दोन्ही चरणी आणि नसेल तर जो बरा असेल त्या एका चरणी, सादर नमस्कार.

थोरल्या मेहुणीबाईंचा खोकला गेला का ते कळवावं. आमच्याकडे सर्व क्षेम असून मी स्वतः तर क्षेमाच्याही पलीकडे, विजयात आहे. ही बातमी फोनवर सांगता आली असती, पण फोनवर तुम्ही मध्ये बोलता. पत्रात ती सोय नाही, म्हणून पत्र. तेव्हा खुर्चीत नीट बसा, चष्मा पुसा आणि पुढचा मजकूर मेहुणीबाईंना ऐकू जाईल अशा आवाजात वाचा.

विषय आमच्या कॅम्परचा, म्हणजे तुम्ही जिला 'चाकांवरचं कपाट' म्हणता त्या गाडीचा. हिवाळ्याच्या तोंडाशी, आमच्याच टेबलावर, आमच्याच पातेल्यातून तिसऱ्यांदा वाढून घेताना तुम्ही वीजखात्यातली अख्खी नोकरी पणाला लावून जो पूर्वपक्ष मांडलात, तो मला तोंडपाठ आहे: "हिवाळ्यात ते सोलर पॅनेल म्हणजे छपरावर ठेवलेला ट्रे. बॅटरी काढा आणि घरात आणून ठेवा, नाहीतर थंडी संपेल तेव्हा मेलेली सापडेल." एवढ्यावर थांबला असतात तर मी तुम्हाला क्षमा केली असती (केली नसती, पण तसं दाखवलं असतं). पण तुमच्या या वाक्याने आमच्या हिला बळ आलं. गाडी ही माझी हौस, हिची नव्हे, हे तुम्ही जाणताच. घरच्या स्वयंपाकघरात ज्याला चहाची पत्ती सापडत नाही त्याने दुसरं स्वयंपाकघर विकत घेऊन त्याला चाकं का लावावीत, हा हिचा जुना आक्षेप. हिने तिथल्या तिथे जाहीर केलं की शेजारचे दातांचे डॉक्टर गाडी मागताहेत. हिवाळा सरल्यावर बटण दाबून दिवा लागला तर गाडी आपली, नाही लागला तर डॉक्टरांची. "आणि भाऊजी साक्षीदार," असंही वर म्हणाली. तुमच्या तोंडात चमचा होता, त्यामुळे तुम्ही फक्त मान हलवलीत. पण ती मान मी पाहिली आहे.

आता कोणीही शहाणा माणूस बॅटरी काढून घरी घेऊन आला असता. परंतु बॅटरी काढणं म्हणजे तुमचा पक्ष मान्य करणं, आणि तुमचा पक्ष मान्य करण्यापेक्षा मी चालत प्रवास करीन. शिवाय (हे खासगी) ती बॅटरी ज्या बाकाखाली आहे तिथे हात घातला तर कंबर बाहेर राहते आणि मग कंबर परत माझी होत नाही.

तर गाडी फर्निचरच्या कारखान्यामागच्या आवारात उभी केली. पहिली कडाक्याची थंडी पडली तेव्हा पाहायला गेलो, तो बॅटरीचा आकडा निम्म्याच्याही खाली. तुमची मूर्ती डोळ्यांपुढे उभी राहिली, हातात चमचा घेऊन. दिवे तपासले, पंप तपासला, सगळं बंद. मग हताश होऊन बाकावर टेकलो तेव्हा पाठीला गुरगुर जाणवली. फ्रिज चालू होता! बाहेर बादलीतल्या पाण्यावर बर्फाची साय धरली होती आणि आत आमचा फ्रिज, पोटात लिंबाची एक वाळकी फोड घेऊन, ती फोड तापू नये म्हणून रात्रंदिवस राबत होता. इतकी निष्काम सेवा मी माणसांत पाहिलेली नाही. त्याला बंद करताना मला अपराधी वाटलं. लिंबू मी खिशात घातलं.

गळती थांबली, पण आवक कुठे होती? हिला शिडी धरायला लावून वर गेलो तर पॅनेल दिसेना. कारखान्यातून उडालेला लाकडाचा भुसा आणि पहाटेचं दव यांचा असा काही सुरेख लेप त्याच्यावर बसला होता की कारागिराने मजुरी मागितली असती. तो पुसला. पुसून झाल्यावर लक्षात आलं की आता स्वच्छ पॅनेलवर कारखान्याच्या भिंतीची स्वच्छ सावली पडते आहे. दक्षिणायनातला सूर्य आमच्या संस्थेच्या अध्यक्षांसारखा: उशिरा येतो, खालच्या अंगाने जातो, कोणाकडे वर मान करून पाहत नाही, आणि लवकर निघतो. त्याला माझ्या छपरापर्यंत आणायचा कसा?

इथे माझ्या प्रज्ञेने झेप घेतली. आवारात आरशाच्या दाराचं एक कपाट पडून होतं, चरा पडल्यामुळे नाकारलेलं. ते मी उन्हाच्या पट्ट्यात ओढून असं तिरपं उभं केलं की सूर्य आरशात आणि आरशातून थेट पॅनेलवर. निदान योजना तशी होती. प्रत्यक्षात सूर्य आरशातून कारखान्याच्या मालकांच्या केबिनमध्ये गेला. ते डोळ्यांवर हात धरून बाहेर आले. "मास्तर," म्हणाले, "माझ्या टेबलावर आज दिवस दोनदा उगवलाय. हे काय चाललंय?" मी त्यांना परावर्तनाचा सिद्धान्त समजावून सांगू लागलो. ही शिडी धरून उभी होती, ती तिथूनच म्हणाली, "अहो, आरसा फिरवत बसलाय त्यापेक्षा गाडी फिरवा ना." मीही त्याच निष्कर्षाला येत होतो, ही किंचित आधी पोहोचली इतकंच.

गाडी सावलीतून काढून आवाराच्या मोकळ्या टोकाला नेली. पण मी तेवढ्यावर थांबणारा नव्हे. सूर्य वर चढत नसेल तर छपराने त्याच्याकडे झुकावं, या विचाराने मालकांकडून लाकडाचे जाड ठोकळे मागून घेतले आणि उत्तरेकडची दोन्ही चाकं त्यांवर चढवली. गाडी दक्षिणेकडे अशी नम्र झाली की येणारेजाणारे थांबून तिला काही होतंय का ते विचारू लागले. आत बसायचं तर खिडकीला गाल टेकून बसावं लागे. कप ठेवला की तो निघून जाई. पण आकडा! साडूभाऊ, तो आकडा चढू लागला! रोज दुपारी मी जाई, पॅनेल पुशी, खिडकीला गाल टेकून आकडा पाही. धुक्याच्या आठवड्यात तो अडला, तेव्हा मला अन्न गोड लागेना. ही म्हणाली, "मला ताप होता तेव्हा इतक्यांदा कपाळाला हात लावून पाहिला नाहीत." मी म्हटलं, तुझ्या कपाळावर आकडा उमटत नाही. हे वाक्य मी बोलायला नको होतं. पुढचे दोन दिवस आमच्या घरात धुकं होतं.

शेवटी थंडी सरली आणि काल निकालाचा दिवस उजाडला. गाडी ठोकळ्यांवरून हळूच मागे ढकलून सरळ केली (कारखान्यातल्या दोन सुतारांनी हात लावला). दातांचे डॉक्टर मोजपट्टी घेऊनच हजर. आल्याबरोबर त्यांनी गाडीची लांबी मोजली, मग उंची, मग दार उघडून आत जिभेसारखी मोजपट्टी सोडली. "गॅरेजमध्ये बसेल," स्वतःशीच म्हणाले. अट हिची, म्हणून बटणही हिनेच दाबलं.

दिवा लागला! नुसता लागला नाही, लखलखला. पंप चालवला, नळाला पाणी. फ्रिज लावला, गुरगुर. पंखासुद्धा लावला, गरज नसताना, डॉक्टरांचे केस उडेपर्यंत. आकडा काठोकाठ भरलेला. डॉक्टरांची मोजपट्टी सुर्रकन आत गेली. ही दिव्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "बरं. लागला म्हणजे लागला." बत्तीस वर्षांच्या संसारात मला मिळालेलं हे सर्वोच्च मानपत्र.

तेव्हा उत्तरपक्ष सिद्ध. आपण यथावकाश, पण पुढच्या टपालाने, "हिवाळ्यातही सूर्य असतो" एवढं एकच वाक्य स्वाक्षरीसह लिहून पाठवावं. मी ते कॅम्परच्या दारावर आतून चिकटवणार आहे. आणि येत्या रविवारी आम्ही उभयता याच गाडीने, याच दिव्याच्या उजेडात, तुमच्या दारापुढे येऊन उभे राहू. फाटक उघडं ठेवा, म्हणजे मला हॉर्न वाजवून तुमची झोप मोडायचा आनंद लुटावा लागणार नाही (लुटणारच आहे).

मेहुणीबाईंना नमस्कार. लोभ आहेच, या पत्रानंतर तुमच्या बाजूने तो कितपत उरेल ते पाहू.

तुमचा,
सूर्यपक्षीय साडू

ता. क. रविवारी आम्ही येण्याऐवजी तुम्हीच इकडे आलात तर कसं? असं सहज सुचलं. येताना तुमची गाडी आणा, आणि एका बॅटरीतून दुसरीत वीज द्यायच्या त्या जाड लाल-काळ्या वायरी डिकीत टाका. सहजच.

ता. क. २. लपवून उपयोग नाही, वर रविवारी येण्याची बढाई मारली ती हे माहीत असूनच. या कॅम्परला बॅटऱ्या दोन असतात. एक दिवे, पंप, फ्रिज वगैरे घरसंसाराची. तिला छपरावरचा सूर्य पोसतो. दुसरी इंजिन सुरू करायची. तिला कोणीही पोसत नाही, हे मला काल डॉक्टर निघाल्यावर समजलं. विजयाची फेरी मारावी म्हणून किल्ली फिरवली, तर फक्त 'टक्'. सावलीतून हलवली त्या दिवशी एका किल्लीत सुरू झाली होती, म्हणून त्या बाजूला मी पाहिलंच नाही, आणि चोरांना भिवविणारा डॅशबोर्डवरचा तो लाल ठिपका हिवाळाभर तिचं रक्त पीत होता. घरात पंखा चालतो, नळ वाहतो, गाडी मात्र जागची हलत नाही. म्हणजे तूर्त आमच्याकडे दोन घरं आहेत. पैज दिव्याची होती, इंजिनाची नव्हे, त्यामुळे शास्त्रतः मी जिंकलोच आहे. पण हिला शास्त्र कमी कळतं आणि डॉक्टर शेजारीच राहतात. ही त्या वेळी कारखान्यात कपाटं बघत होती, तिला पत्ता नाही. तेव्हा आवाराच्या मागच्या फाटकाने या, एकटे या, आणि मेहुणीबाईंना बोलू नका. वाक्य लिहून पाठवायची घाई नाही.

ता. क. ३. (माझं अक्षर ओळखाल.) भाऊजी, साष्टांग नमस्कार. पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलं, म्हणून वाचलं. वायरी आणा, ताईलाही आणा, पुढच्या फाटकानेच या, जेवूनच जायचं. यांच्यापुढे मात्र मला काही माहीत नाही असंच धरून चाला, फार खुशीत आहेत. कपाटं बघायला मी एकटी नव्हते, डॉक्टरही थांबले होते. 'टक्' आम्हाला दोघांनाही ऐकू आलं. ते म्हणाले, "हा कसला आवाज?" मी म्हटलं, "कपाटाचं दार लागलं."