अकरा कलमी सभ्य प्रचार

८ जून
मतदार यादीचं काम बघणाऱ्या समीक्षाबाई आल्या होत्या. रंगूबाईचं नाव काढायचा फॉर्म दिला. बायकोला जाऊन वर्ष झालं तरी नाव यादीत कसं, म्हणाल्या. भरतो म्हटलं. घरात एकही पेन धड चालत नाही.

२१ जून
पेन मिळालं. मृत्यूच्या दाखल्याची झेरॉक्स नाही. दुकान बंद होतं. सकाळी सहाला गेलो होतो.

३ नोव्हेंबर
नगरपंचायतीची निवडणूक लागली. मागच्या वेळी रिक्षावरच्या माइकवरून एकमेकांची आई-बहीण काढली. यंदा चालू द्यायचं नाही. कराड स्टँडवर एकतीस वर्षं गाड्या पुकारल्या, माइकवर एक वावगा शब्द गेला नाही. मला अधिकार आहे. सभ्य प्रचाराची अकरा कलमं लिहून काढली.
कलम चार : मयताच्या नावावर मत टाकू नये.
सून उत्कर्षा म्हणाली, आवं मामा, मग आधी आत्याबाईंचं नाव काढा की. यादी आता बंद झाली म्हणून सांगितलं. खरोखरच झाली आहे. सार्वजनिक कामात घरातल्या गोष्टी आणू नयेत.

१७ नोव्हेंबर
कलमं घेऊन दोन्ही उमेदवारांकडे. क्रांतीताईंनी चहा दिला आणि कप माझ्याच कागदावर ठेवला. जयराजनं न वाचता सही केली, पायाला हात लावला (कलम सात : पाया पडू नये), फोटो काढून घेतला. एकंदरीत उत्तम प्रतिसाद.

१८ नोव्हेंबर
फोटो मोबाइलवर फिरतोय. खाली, 'ज्येष्ठांचा जयराजदादांना जाहीर पाठिंबा'. दुपारी क्रांतीताईंची रिक्षा दारावरून गेली. मिसळीवर विकलेलं म्हातारं, असं माझं नाव घेऊन पुकारलं. मिसळ कुणीच दिली नव्हती. उच्चार मात्र स्पष्ट होते.
कडक खुलासा लिहायला बसलो. राग येईना. हल्ली काहीच येत नाही. जेवलो, झोपलो.

२९ नोव्हेंबर
जयराजचा माणूस धनाजी मतदानाच्या चिठ्ठ्या घेऊन आला. घरात चार मतं न्हवं का, म्हणाला, काकींला गाडी धाडू का. ती नाही, हे सांगायला तोंड उघडलं. गाडी नको, एवढंच निघालं.
चिठ्ठी ठेवून घेतली. नाव बरोबर. वय एकाहत्तर. गेली तेव्हा सत्तर होती.
उद्या धनाजीला नक्की सांगायचं.

३० नोव्हेंबर
धनाजी भेटला. गर्दी होती.

२ डिसेंबर, सकाळी ११
मतदान केंद्र. साहेबांनी माझं नाव शोधलं. वरचं नाव रंगूबाईचं. त्याच्यावर खूण केलेली. विचारलं, तर म्हणाले, त्या सकाळी पहिल्या रांगेतच करून गेल्या.
आक्षेप घ्यायचं ठरवलं. दोन्ही बाजूंचे एजंट टेबलाकडे बघत बसले. धनाजी कानाशी येऊन म्हणाला, कशाला काका, नाव का न्हाई काढलं म्हणून तुमालाच इचारतील.
मग साहेबांना एवढंच विचारलं, लुगडं कुठलं नेसली होती. ते म्हणाले, लक्ष नाही, मागं रांग होती. बोट पुढं करा.
आयुष्यभर मी सांगेन तिथंच तिनं मत टाकलं. यंदा पहिल्यांदाच मला विचारलं नाही.

दुपारी १
उत्कर्षानं विचारलं, झालं का मतदान. दोघांचं झालं म्हटलं.