मामाजींचा घास आणि कडुनिंबावरचा शिक्रा

ती. इंदूताईंना,
अर्पिताचा वाकून नमस्कार. (गच्चीवर उभं राहून राहून कंबर धरली आहे, म्हणून प्रत्यक्षात तो बसूनच केला. गोड मानून घ्या.)

माझ्या लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात तुम्ही चुलीपाशी मला म्हणाला होतात, "वर पायत पोया करशीन त जयतीनच, बाई." तेव्हा मी खिडकीतून घार पाहत होते. धाकट्या भावजयीला नणंदेने दिलेला तो पहिला उपदेश मी आजवर पाळला नाही, आणि आता त्याचेच भोग सुरू आहेत.

तुमचे गुडघे कसे आहेत? वणीत कोळशाची धूळ यंदा कमी आहे का? इकडे पांढरकवड्याला सर्व क्षेम. म्हणजे तुमच्या आई माझ्याशी बोलत नाहीत, पण मी केलेलं जेवतात. (फोनच केला असता, पण आपल्या घरचा फोन आईंच्या मांडीवर असतो आणि कायम स्पीकरवर असतो.)

झालं असं, की आपल्या मागच्या अंगणातल्या कडुनिंबावर चैत्रात शिक्र्याच्या जोडीने घरटं केलं. शिक्रा म्हणजे कबुतराएवढा शिकारी पक्षी, पण मिजास ठाणेदाराची. तेव्हापासून माझा मुक्काम गच्चीवर. पिल्लं पाहून तर मी वेडीच झाले. कापसाच्या बोंडाला डोळे फुटावेत तशी दिसतात. भर दुपारी, आपला कूलरसुद्धा गरम वारा फेकतो तेव्हा, ती मादी पंख पसरून त्यांच्यावर सावली धरून उभी असते. चोच उघडी, धापा टाकत, पण हलत नाही. नर येतो, सरडा टाकतो आणि विचारपूस न करता निघून जातो. (तुमच्या धाकट्या बंधूंची भाजी आणायची पद्धत थेट हीच.)

इथवर सगळं गोड होतं. मग आली अक्षय तृतीया. पितरांची घागर भरली, पुरणपोळी, वडे, चिंचवणी असं सगळं झालं, आणि तुमच्या बाबांच्या, म्हणजे आमच्या मामाजींच्या नावाचा घास गच्चीच्या कठड्यावर ठेवला. कावळा शिवल्याशिवाय आई जेवत नाहीत, हे तुम्हाला ठाऊक आहे. पण कावळा येईना. एरवी आपल्या वाळवणावर पंगत मांडून बसणारे कावळे त्या दिवशी गल्लीतसुद्धा नव्हते. आई हात जोडून म्हणाल्या, "या ना जी. काहून रुसले?" आणि लगेच माझ्याकडे पाहिलं. (मेलेल्या माणसाची राहिलेली प्रत्येक इच्छा शेवटी सुनेपाशीच येऊन थांबते.) मी आभाळाकडे पाहून एकेक कबूल करत गेले. फोटो रोज पुसेन, वरणात मीठ बेताने घालेन, तुमच्या मुलाला उलट बोलणार नाही. हे शेवटचं मामाजींनाही पटलं नसावं. कावळा नाहीच.

एवढ्यात वरून एक घार आली आणि वडा उचलून गेली. मी आनंदाने ओरडले, "शिवला!" आई कडाडल्या, "घार हाये ते! तुह्या सासऱ्यानं जलमात कोणाचं झपटून खाल्लं नाही." (ताई, दुसऱ्याच्या ताटातला वडा ते कसा उचलायचे, हे आपण दोघींनी पाहिलं आहे. पण सणाचा दिवस होता.)

संध्याकाळपर्यंत आई उपाशी होत्या, नुसत्या चिंचवणीच्या घोटावर. दिवेलागणीला हळूच म्हणाल्या, "वर्सातून एक दिवस येते माणूस, त तोबी दारातून वापस गेला." त्यांचा आवाज मला सोसला नाही. आणि मी शहाण्यासारखं समजावलं, "आई, मामाजी रुसले नाहीत. घरट्यात पिल्लं असली की शिक्रा एकाही कावळ्याला झाडाजवळ फिरकू देत नाही." मला वाटलं, त्यांना धीर येईल. आला ना! त्यांनी डोळे पुसले आणि गल्लीतली झाडं छाटणाऱ्या उत्तमसिंगला निरोप धाडला, "कुराड घेऊन ये."

उत्तमसिंग दुसऱ्या दिवशी आला. पहिल्या बेचक्यापर्यंत चढला असेल नसेल, मादीने असा सूर मारला की त्याचा दुपट्टा पाण्याच्या टाक्यात आणि तो जमिनीवर. वर पाहून म्हणाला, "बाई, हे पाखरू नोहे, सासू हाये." आई तिथेच उभ्या होत्या. तो बुधवारी, बाजार आटोपून, हेल्मेट घालून येणार आहे. हेल्मेट त्याच्याकडे नाही, आपलंच मागणार. ते मी तुरीच्या कोठीत पुरून ठेवलंय.

कळावे, लोभ आहे तेवढा तरी ठेवा.
तुमची,
अर्पिता

ता. क. पत्र आलं हे आईंना सांगू नका. सांगाल, ठाऊक आहे. निदान हेल्मेटचं सांगू नका.

आणखी ता. क. पिल्लं उडेपर्यंत, महिनाभर, आईंना वणीला बोलावून घ्या. त्या समोर उभ्या असल्याशिवाय आपल्याकडे फांदीच काय, कोथिंबीरही कापली जात नाही. मागच्या वेळी त्यांनी तुमचे सगळे पडदे धुतले आणि 'लेकीले घर झाडता येत नाही' असं एसटीभर सांगत परत आल्या, ते मी विसरले नाही. तुम्हीही विसरला नसाल, म्हणून नाहीच म्हणाल. पण तुमच्या गच्चीवर कावळे पुष्कळ आहेत, ताई; मामाजींचा राहिलेला घास तिथे ठेवता येईल. आई म्हणतील, लेकीच्या दारी बाप घास घ्यायला येत नाही. मी म्हणते, तुमच्या दारी येतील. बुधवारच्या आत बोलवा.