झालं हं, झालं

गुरुवार, १२ मार्च
दुकानातून

प्रिय धाकटीस,

ताईचे अनेक आशीर्वाद. तुझं पत्र सोमवारीच पोचलं. गिऱ्हाइकांच्या गर्दीमुळे उत्तराला तीन दिवस लागले, असं लिहिणार होते. गर्दी कसली, दोन पँटी आखूड करायच्या आहेत, त्याही कालपासून तशाच पडल्यात.

माझं बरं चाललंय. गुडघा कुरकुरतो, पण मशीनला मोटर बसवल्यापासून मी त्याचं मनावर घेत नाही. शेजारचा चष्मेवाला रोज सकाळी माझी कात्री मागून नेतो आणि संध्याकाळी मीच ती आणायला जाते. परवा त्यानं त्या बदल्यात डोळे तपासून दिले. म्हणाला, "लांबचं उत्तम दिसतं तुम्हाला, जवळचं दिसत नाही." मी म्हटलं, हे कळायला यंत्र कशाला हवं, माझ्या बहिणीला विचारायचं.

फोन न करता लिहितेय, कारण फोनवर तू मध्येच "जाऊ दे गं ताई" म्हणाली असतीस आणि मी जाऊ दिलं असतं.

तुझ्या जुन्या साहेबांनी तुला अर्ध्या दिवसासाठी परत बोलावलं, हे वाचून फार आनंद झाला. कवळ्या बनवणारे पुष्कळ असतील. पण म्हाताऱ्याचा तरुणपणचा फोटो मागून घेऊन त्याचा वाकडा दात तसाच वाकडा बसवणारी तू एकटीच. सोमवारपर्यंत कळवायचंय आणि तू मला विचारतेस, "नाहीच म्हणू ना ताई? त्या दिवशी चार तास तुझ्याकडे सोडलं तर माझ्या भिंगरीचं काय झालं, ते तूच पाहिलंयस."

हो. मीच पाहिलंय.

त्याच पत्रात खाली तू गंमत म्हणून लिहिलंयस, की केस विंचरताना भिंगरी हल्ली मोठ्या बाईसारखी मान डोलावत "झालं हं, झालं" म्हणते आणि तुम्हा दोघांना हसू आवरत नाही. एरवी दिवसाकाठी चार शब्द बोलणारी पोर, हे कुठून उचललं कोण जाणे, टीव्हीवरून असेल. ते वाचून मी दुकानाचं शटर अर्धं ओढलं.

थोडं मागचं सांगते. चार महिन्यांपूर्वी भिंगरीसारख्या मुलांच्या शाळेतल्या एक बाई गणवेश शिवायला द्यायला आल्या. बावीस सदरे. मानेला लेबल नको, आतून शिवण नको, बाहेर दिसली तरी चालेल. मी हसले. म्हटलं, "बाई, पंचवीस वर्षं मी शिवण आत लपवायलाच शिकलेय."

"तीच टोचते त्यांना," त्या म्हणाल्या. "आपण कपडा घातला की दोन मिनिटांत विसरतो. त्यांना तो दिवसभर विसरता येत नाही. सांगताही येत नाही, मग ओरडतात. आणि आपण म्हणतो, पोर हट्टी आहे."

मी तरी वेगळं काय म्हणत होते? डॉक्टरांनी ऑटिझम आहे म्हणून सांगितलं, तेव्हा मी तुला म्हणाले होते, आपल्या घराण्यात असलं काही नाही, हे तुझ्या लाडाचं फळ. तुम्ही दोघं आळीपाळीनं जेवत होतात, एक जेवायचा, एक तिला धरायचा. कुणाकडे जाणं सोडलंत, कुणी येणं सोडलं. उंटावरून शेळ्या हाकायला माझं काय जात होतं? ती घरी फ्रॉक उलटा घालायची, आठवतं? तू घालू द्यायचीस. शिंपिणीची भाची उलटा फ्रॉक घालून फिरते म्हणून मीच डाफरायचे. पाच वर्षांची पोर मला माझा धंदा शिकवत होती आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही.

आता ते लिहिते.

त्या दिवशी तू तिला माझ्याकडे सोडून कामावर गेलीस. दुकानाच्या नव्या पाटीसाठी मला तिचा फोटो हवा होता, हे तुला सांगितलं नव्हतं. मी पिवळा फ्रॉक शिवून ठेवला होता, आत घेर फुगवायला कडक जाळी, गळा ताठ राहायला बकरमचं जाड कापड. तिनं तो दोनदा काढून फेकला. तिसऱ्यांदा पाठीची चेनच उपटली. फोटोवाला यायची वेळ झालेली. मी तिला दोन्ही गुडघ्यांत धरलं आणि फ्रॉक अंगावर असतानाच पाठीमागून, मानेपासून कमरेपर्यंत, धावदोरा घालून शिवून टाकला. सुई लागू दिली नाही, एवढंच माझ्या बाजूनं सांगण्यासारखं आहे. ती किंचाळत होती. मी एकेक टाका ओढत म्हणत होते, "झालं हं, झालं."

दोन तास ती त्यात होती. गळा ओरबाडून तिनं रक्त काढलं. फोटोवाला गेल्यावर मी टाके उसवले, तिला तिचे कपडे घातले आणि तू आल्यावर सांगितलं, "तू दिसेनाशी झाल्यापासून रडायची थांबेचना, स्वतःलाच ओरबाडलं पोरीनं." तू दारातच बसलीस. आठवड्याभरात नोकरी सोडलीस. त्याला तीन वर्षं झाली, आणि मी तोंड उघडलं नाही.

खरं काय ते ऐक. तू गेल्यावर ती खुशाल होती. बटणांचा डबा घेऊन टेबलाखाली बसली, रंगवार ओळी लावल्या, स्वतःशीच गुणगुणत होती. फ्रॉक बाहेर काढेपर्यंत तिनं तुझी आठवण काढली नाही. तुझ्यावाचून राहते गं ती. तुला तसं वाटू नये, ही व्यवस्था मी केली.

त्या बाई येऊन गेल्यावर मी तो फ्रॉक माळ्यावरून काढला. त्यातली जाळी कापून माझ्याच कपड्याच्या गळ्याला आतून टाचली आणि दुकान उघडलं. अकरापर्यंत एका गिऱ्हाइकावर खेकसले, दोन मापं चुकवली. मग काढून टाकली. जावे त्याच्या वंशा तेव्हा कळे म्हणतात, मला तर दोन तासही काढवले नाहीत. तरी तुला लिहायला धीर झाला नाही. तुझ्या पत्रातले ते तीन शब्द आले नसते तर आजही लिहिलं नसतं, एवढी भित्री आहे मी.

सोमवारी हो म्हण. तिच्या शाळेतले लोक साडेबारापर्यंत सांभाळायला तयार आहेत, असं तूच लिहिलंयस. माझ्याकडे सोड म्हणायला मला तोंड नाही. सोबतच्या पुडक्यात दोन फ्रॉक आहेत, सुती, लेबल नाही, शिवणी बाहेर. तिच्यापुढे नुसते ठेव. नाही घातले तर फरशी पुसायला घे, मी विचारणार नाही. हे पत्र तुझ्या नवऱ्यालाही वाचायला दे.

आणि एक. केस विंचरताना ती "झालं हं, झालं" म्हणाली की हसू नका. तिला लागत असतं. लागत असताना जे शब्द तिच्या कानावर पडले, तेच तिच्यापाशी आहेत. ते ऐकलंस की कंगवा खाली ठेव आणि थांब. मी थांबले नव्हते.

मला उत्तर दिलं नाहीस तरी चालेल. साहेबांना मात्र दे.

तिला ते शब्द शिकवणारी,
ताई