तेवीस घोडे, एक थर्मामीटर आणि आपली कन्या

सन्माननीय व्याहीबुवांच्या सेवेशी,

सविनय नमस्कार. विहीणबाईंनाही माझा आणि हिचा नमस्कार सांगावा. आपल्या गुडघ्याचं कसं काय? दुकानाच्या त्या अरुंद जिन्यावरून दिवसातून एकदाच वर-खाली करत जा, असं ही सांगते आहे. विहीणबाईंचा खोकला थांबला का? कोरडा होता की ओला? नाक वाहत होतं? गळ्याखाली हात लावून गाठ लागते का ते पाहिलंत? (रागावू नका. गेले अडीच महिने आम्ही इथे एकमेकांना याच क्रमाने प्रश्न विचारतो. परवा टपालवाल्यालाही विचारले. तेव्हापासून तो पत्रं फाटकावरूनच आत फेकतो.) इकडे माणसं खुशाल आहेत. घोडेही आता खुशाल आहेत, आणि ते खुशाल का आहेत हे कळवण्यासाठीच हा पत्रप्रपंच. पत्र आपल्या कन्येबद्दल आहे हे वाचून छातीत धस्स होऊ देऊ नका. तक्रार नाही, उलटच आहे. कुणाची स्तुती कागदावर लिहायची वेळ माझ्यावर याआधी आलेली नाही, त्यामुळे हात जरा अवघडतो आहे, एवढंच.

आपल्याला आठवत असेल, लग्न ठरवायला आम्ही आलो तेव्हा आपण दुकानाच्या मागच्या खोलीत डोळ्याला भिंग लावून कुणाचं तरी मनगटी घड्याळ उघडून बसला होतात. मी म्हणालो होतो, "मुलगी गुणी आहे, पण पहिलीच्या वर्गाला शिकवते. बावीस घोड्यांच्या पागेत तिला काय कळणार?" आपण काहीच बोलला नाहीत. चिमट्याने एक चाक जागेवर बसवत राहिलात. मला वाटलं, ऐकू गेलं नसावं. आता वाटतं, चांगलं ऐकू गेलं होतं. आणि सुरुवातीला माझंच बरोबर ठरतंय असं दिसत होतं. सूनबाईंना घोड्याची भीती वाटते हे आपण सांगितलं नव्हतंत (सांगायला हवं होतं, पण असो). पहिले चार महिने त्या घोड्यापासून पंधरा पावलं लांब राहायच्या. शाळेला जाताना अंगणातून न जाता मागच्या बोळाने वळसा घालून जायच्या. चिरंजीव घोडेस्वारी शिकवतात, बायको बोळातून पळते, लोक हसायचे. मीही हसायचो.

मग मी पाहुण्याला घेऊन आलो. पाहुणा म्हणजे घोडा. तांबूस अंग, चारही पाय गुडघ्यापर्यंत पांढरे, मान अशी की बघणाऱ्याने आपली टोपी सरळ करावी. चिरंजीव म्हणाले, तीन आठवडे खालच्या वेगळ्या शेडमध्ये ठेवू. डॉक्टरही नेहमी हेच सांगतात: नवा घोडा आला की तीन आठवडे बाजूला. मी म्हणालो, चाळीस वर्षं घोड्यांत काढली, आजारी घोडा मला चेहऱ्यावरून कळतो. आणि त्याला सरळ तिसऱ्या ठाणात बांधला, मावशीच्या शेजारी. (मावशी हे आमचं तीस वर्षांचं करडं तट्टू. अर्ध्या गावाने तिच्याच पाठीवर बसायला शिकून घेतलं आहे. खुद्द आमचे डॉक्टर लहानपणी तिच्यावरून दोनदा पडले आहेत. तिच्यावर उपचार करताना ते अजून जरा अदबीने वागतात.)

दहाव्या दिवशी थोरल्या मोतद्दाराने, म्हणजे घोड्यांची देखभाल करणाऱ्या आमच्या जुन्या माणसाने, दिवाणजी नावाचा घोडा चारा खात नाही असं सांगितलं. नाक वाहत होतं. मी म्हणालो, सर्दी आहे, हवा बदलली आहे. मोतद्दाराने फडकं घेऊन त्याचं नाक पुसलं आणि त्याच फडक्याने शेजारच्याचंही पुसलं, कारण हात फिरलाच होता. हे सूनबाईंनी स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिलं. पाच मिनिटांत त्या खाली आल्या. पंधरा पावलांवर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "बाबा, सगळ्यांना एकच फडकं?" मी म्हणालो, घोडे आहेत ते, पाहुणेमंडळी नव्हेत. त्या म्हणाल्या, "माझ्या वर्गात एकाला गालगुंड झालं आणि पाण्याचा पेला एकच होता, तेव्हा महिन्याभरात तीसपैकी सव्वीस घरी बसले होते. डॉक्टरांना बोलवा." आवाज चढलेला नव्हता. तरी मी बोलावलं. का बोलावलं ते मला अजून नीटसं उमगलेलं नाही.

डॉक्टरांनी दिवाणजीचा ताप पाहिला, चाळीस अंश; घोड्याला अडतीसच्या आत हवा. जबड्याखाली गाठ. तोंड गंभीर करून म्हणाले, हा गाठींचा संसर्गजन्य ताप. पाण्याच्या बादलीतून जातो, दोरातून जातो, माणसाच्या बाहीवरून जातो. बहुतेक घोडे बरे होतात, म्हाताऱ्यांचं मात्र सांगता येत नाही. आणि मग एक गोष्ट त्यांनी सांगितली, जी मी कानाआड केली आणि सूनबाईंनी वहीत लिहून घेतली: आधी ताप येतो, नाक एक-दोन दिवसांनी वाहू लागतं, आणि रोग पसरतो तो नाक वाहू लागल्यावर. म्हणजे रोज ताप मोजून तापाच्याच दिवशी घोडा वेगळा काढला, तर तो दुसऱ्याला द्यायच्या आत सापडतो.

इथेच आमचं घोडं अडलं. तेवीस घोडे, सकाळ-संध्याकाळ, म्हणजे दिवसाला शेहेचाळीस वेळा. घोड्याला थर्मामीटर तोंडात लावत नाहीत, एवढंच लिहितो. (हे पत्र विहीणबाई मोठ्याने वाचतात हे मला माहीत आहे, म्हणून विस्तार करत नाही.) त्यासाठी घोड्याच्या मागच्या बाजूला उभं राहावं लागतं, आणि तिथून घोडा काय करू शकतो हे माझ्या डाव्या बरगडीला विचारा. शिवाय आजाऱ्यांकडे जाणाऱ्याने निरोग्यांकडे जायचं नाही, त्यामुळे माणसं विभागली गेली. चिरंजीव आजाऱ्यांकडे, थोरला मोतद्दार संशयितांकडे, आणि निरोगी घोड्यांचा ताप बघायला माणूसच उरला नाही. सूनबाईंनी डॉक्टरांचा थर्मामीटर हातात घेतला. मग पदर खोचून म्हणाल्या, "कुठे धरायचं ते दाखवा."

पहिल्या दिवशी त्यांनी डोळे गच्च मिटले होते आणि मोठमोठ्याने बेचा पाढा म्हणत होत्या. बे एके बे, बे दुणे चार. घोड्याला लाथ मारायचं सुचलंच नाही. तो कान टवकारून ऐकत राहिला. दुसऱ्या दिवशी एक डोळा उघडा होता. आठव्या दिवशी त्या नवाच्या पाढ्यावर पोचल्या होत्या आणि घोडे पाढा सुरू झाला की आपणहून वळून उभे राहायचे. थोरला मोतद्दार शाळेत कधी गेला नव्हता; आता त्याला पाचापर्यंत येतं.

बाकी व्यवस्था काय वर्णावी! शाळेच्या कपाटातून रंग आणून बादल्या रंगवल्या. लाल आजाऱ्यांच्या, पिवळ्या संशयितांच्या, हिरव्या निरोग्यांच्या. दोर, खरारे, फडकी, सगळ्यांना रिबिनी. माणसांच्या दंडालासुद्धा. दारादारांत औषधी पाण्याची घमेली, बूट बुडवल्याशिवाय पाऊल पुढे नाही. भिंतीवर फळा, फळ्यावर प्रत्येक घोड्याचं नाव आणि ताप. मला त्यांनी विचारलं, "बाबा, सकाळपासून कुणाकुणाला हात लावलात?" मी अभिमानाने सगळ्यांची नावं सांगितली. माझ्या दंडाला लाल रिबीन बांधली गेली. माझ्याच पागेत मला हिरव्या बाजूला जायची बंदी!

चौथ्या दिवशी राहवेना. मावशी तोवर हिरव्यात होती, पण पाहुण्याच्या शेजारी नऊ दिवस काढलेले, त्यामुळे जिवाला घोर. खिशात गाजर घातलं आणि बाजूच्या दाराने गेलो. मागून आवाज आला, "बाबा, आपण काय ठरवलं होतं?" व्याहीबुवा, मी अडुसष्ट वर्षांचा आहे. मी दोन्ही हात पाठीमागे घेतले आणि म्हणालो, "हात नाही लावायचा." मोतद्दार भिंतीकडे तोंड करून खोकत होते. (तो खोकला नव्हता.)

आता आमच्या भांडणाबद्दलही लिहितो, लपवत नाही. त्या रविवारी आमच्याकडे वार्षिक शर्यती होत्या, अकरा पागांचे घोडे येणार होते. मी म्हणालो, काहीतरी सबब सांगून पुढे ढकलू. रोगाचं नाव निघालं तर चाळीस वर्षांची अब्रू जाईल. संध्याकाळी फाटकावर पाटी लागलेली. पहिलीच्या वर्गाला वाचता येईल अशा अक्षरात: "आमच्या घोड्यांना संसर्गजन्य ताप आहे. आत येऊ नका. आपले घोडे जपा." शिवाय अकराही पागांना फोन झालेले. त्यात पुलापलीकडच्या पागेचे मालकसुद्धा! या गृहस्थांशी एका पंचाच्या निकालावरून मी आठ वर्षं बोललेलो नाही. मी संतापलो. दोन दिवस अबोला धरला. लाल भागात माझ्याशी बोलायला तसंही कुणी नव्हतं, त्यामुळे तो कुणाच्या लक्षात आला नाही.

तिसऱ्या दिवशी पुलापलीकडचे स्वतः फाटकाबाहेर येऊन उभे. त्यांनीही त्याच विक्रेत्याकडून, त्याच आठवड्यात, दोन घोडे घेतले होते. फोन आल्यावर ताप मोजला, दोघांनाही होता, नाक अजून कोरडं. तेवढ्यात वेगळे काढले. ते माझ्याकडे न बघता सूनबाईंना म्हणाले, "पोरी, तू बोलली नसतीस तर माझे चाळीस घोडे आडवे झाले असते." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "तुमच्याकडून कळलं असतं का हो?" मी बुटांकडे बघितलं. ते घमेल्यातच होते. त्यांनी हातमोज्यांची दोन खोकी फाटकावर ठेवली आणि गेले. मी जाऊन पाटीची सुटलेली एक तार घट्ट केली. दुसरं काय करणार?

मग मावशीचा ताप वाढला. साडेएकोणचाळीस. हिरवी रिबीन सुटून लाल आली. तीन दिवसांत गळ्याखाली नारळाएवढी गाठ. गिळता येईना, श्वासाला करवतीसारखा आवाज. डॉक्टर माझ्या नजरेला नजर देत नव्हते. आणि मला एक गोष्ट खात होती. गाजर नेताना पकडला गेलो त्याच्या आदल्या दिवशीही मी मावशीला एक दिलं होतं, आणि तेव्हा कुणी पाहिलं नव्हतं. मी सूनबाईंना सांगून टाकलं. पाहुण्याला मीच आणला, वेगळा ठेवला नाही, आणि वरून हे. मला वाटलं, त्या "जाऊ द्या बाबा" म्हणतील. त्या म्हणाल्या नाहीत. गरम पाण्याची बादली पुढे सरकवून म्हणाल्या, "तुमच्या हातानेच झालं असं मी म्हणणार नाही, आणि नाही झालं असंही नाही म्हणणार. गरम पाण्याचं फडकं धरा. दर दहा मिनिटांनी बदलायचं." हिरव्याचं काम त्यांनी त्याच दिवशी तोवर त्यांच्याकडूनच शिकलेल्या एका मोतद्दाराकडे सोपवलं आणि स्वतःच्या दंडाला लाल रिबीन बांधली. मोतद्दारांत कुजबुज चालू होती, रोग आणला कुणी म्हणून. तिथे त्यांनी एवढंच सांगितलं, "कुठून आला ते नंतर. पुढे कुठे जाणार नाही ते बघू." माझं नाव आजतागायत फळ्यावर गेलेलं नाही.

तीन दिवस आम्ही दोघं आळीपाळीने ते फडकं धरून होतो. त्या मावशीचं डोकं दोन्ही हातांनी छातीशी धरायच्या. तिसऱ्या दिवशी दुपारी गाठ फुटली. कुठे फुटली, काय उडालं, हे लिहीत नाही. साडी टाकून द्यावी लागली. डॉक्टर आनंदाने ओरडले, "उत्तम! हेच हवं होतं!" सूनबाई तशाच बरबटलेल्या, हसताहेत की रडताहेत कळेना. मावशीने एक लांब श्वास घेतला, आवाज न करता, आणि अर्धी बादली पाणी प्यायली. मी खरारा शोधायला म्हणून पलीकडे गेलो आणि बराच वेळ शोधत राहिलो.

सात घोडे आजारी पडले, सातही उठले. पंधरांना रोग शिवला नाही. तेविसावा पाहुणा, त्याला शिंकही आली नव्हती. घशामागच्या पोकळीत जंतू बाळगून हा पठ्ठ्या मजेत चारा खात होता. आता त्याचीही सफाई झाली आहे आणि परवा सगळ्यांची शेवटची तपासणी निर्दोष आली. डॉक्टर म्हणाले, सातावर थांबलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. फळ्याचा फोटो काढून नेला. व्याहीबुवा, तुम्ही त्या दिवशी खोलीत गप्प बसलात, ते ठीक केलंत. मी केलेलं विधान मागे घेतो. आपण घड्याळं दुरुस्त करता. ही मुलगीही आपणच घडवलीत, हे लिहायला मला अडीच महिने लागले.

आपला ऋणी,
व्याही

ता. क. हे पत्र लिहिल्याचं सूनबाईंना कळवू नये. स्तुती त्यांना आवडत नाही, आणि माझ्या ऱ्हस्वदीर्घाला त्या लाल शाई लावतील.

ता. क. दुसरा. एक बारीकशी विनंती राहिलीच. आपल्या गावाजवळ मी एक काळी घोडी पाहिली आहे. पाहिली म्हणजे ठरवली आहे. आपल्या दुकानामागे मोकळं अंगण आहे. तीन आठवडे ती तिथे राहिली तर नियमही मोडणार नाही आणि इथे चर्चाही होणार नाही. कुणी विचारलंच तर एखाद्या गिऱ्हाइकाची आहे असं सांगावं. ताप दोनदा मोजावा. कसा मोजतात ते विहीणबाई नसताना फोनवर सांगेन.

ता. क. तिसरा, वेगळ्या अक्षरात. अप्पा, पागेतून बाहेर जाणारी प्रत्येक वस्तू आधी माझ्या हातात येते, हा नियम अजून कुणी मागे घेतलेला नाही, म्हणून पत्र बुधवारीच वाचलं. अंगणात तिला खुशाल ठेवून घ्या. गुरुवारी शाळा सुटल्यावर डॉक्टरांना घेऊन मी तिला बघून आले. ताप नाही, घोडी फार शांत आहे, आणि गाभण आहे. हे इकडच्या बाबांना अजून माहीत नाही. तुम्हीही इतक्यात सांगू नका. ऐकलं तर ते आजच अंथरूण-पांघरूण घेऊन तुमच्या अंगणात येऊन राहतील.