शांत माणसाचा कुंबिया बँड

४ जानेवारी २००४, रविवार
आजपासून राग बंद. कायमचा.
आणि आजपासून ‘नागावकर फॅमिली कुंबिया बँड’ चालू. कुंबिया म्हणजे कोलंबियातलं नाचाचं गाणं. इथे लंडनमध्ये, एलिफंट अँड कॅसलच्या मार्केटमध्ये एका दुकानात ऐकलं आणि तिथल्या तिथे कळलं की ही माझीच चाल आहे. दुकानदाराकडून जुना अकॉर्डियन घेतला. बायको, सोफी, गाणार, आणि खोबऱ्याच्या खिसणीवर काटा घासून ताल धरणार. मुलगा अव्हिएल ड्रम, मुलगी शिरा बास गिटार. लीडर अर्थातच मी.
शिराने विचारलं, डॅड, कुंबियाच का? म्हटलं, मराठी ज्यूंमध्ये कुंबिया कोण वाजवतं? कुणी नाही. कॉम्पिटिशन शून्य. ती म्हणाली, ऑडियन्सपण शून्य. तेवढ्यात तिचा म्युझिक स्टँड खिडकीतून बाहेर पडला. माझा पाय जवळपास होता इतकंच.

१५ फेब्रुवारी
पहिला कार्यक्रम, आपल्याच लोकांच्या डिनरला. दणक्यात.
एक गृहस्थ सारखे हिंदी गाण्याची फर्माईश करत होते. पहिल्यांदा हसलो. दुसऱ्यांदाही हसलो. तिसऱ्यांदा त्यांची बिर्याणी त्यांच्या डोक्यावर गेली. त्यांनी माझा ओठ फोडला, दोन टाके. माणसं किती हिंस्र असतात!
तरी दोनदा हसलो. प्रगती आहे.

२१ मार्च
बँडला यश यावं म्हणून घरी मलिद्याचा विधी केला. पोहे, गूळ, खोबरं, फळं, सगळं साग्रसंगीत. प्रेषित एलियाहू हन्नबीचं नाव घेतलं की अडलेली कामं होतात, हा आमच्या घरचा अनुभव.
ताटाभोवती बसलो असताना मेव्हणा रूबेन म्हणाला, मनाशे, तू तालाच्या पुढे धावतोस रे, बाकीचे बिचारे मागून फरफटतात. शांतपणे ऐकून घेतलं. नंतर माझ्या हातातून नारळ निसटला. त्याच्या कपाळाला लागला.
सोफीने एका हाताने त्याच्या कपाळावर टॉवेल धरला आणि प्रार्थना पूर्ण केली. मग मला म्हणाली, देवासमोर तरी हात आवरा हो. मी कुठे काय केलं? मलिदा मात्र गोड झाला होता.

२० जून
काल किलबर्नच्या एका पबमध्ये. शनिवार, आठची वेळ. शब्बाथ, म्हणजे आमचा शनिवारचा विसावा, संपल्याशिवाय वाद्याला हात लावायचा नाही, हा बँडचा नियम. आणि शब्बाथ संपतो आकाशात तीन तारे दिसले की. बुकिंग मी जानेवारीत घेतलं होतं. जानेवारीत पाच वाजता काळोख असतो. जूनमध्ये इंग्लंडात सूर्य बुडायचं नावच घेत नाही, हे मला कुणी सांगायला नको?
आठ वाजले, लख्ख ऊन. नऊ वाजले, ऊन. मी कार पार्कमध्ये मान वर करून उभा. मग ढग आले. अव्हिएल म्हणाला, डॅड, शब्बाथ संपायची वेळ वेबसाइटवर असते, प्लीज चल. म्हटलं, माझे वाडवडील वेबसाइट बघत नव्हते. आत लोक टेबलं बडवायला लागले. मालक बाहेर येऊन म्हणाला, वाजवता की जाता?
त्याच्या जबड्याला अकॉर्डियन लागला. मग मला सहा जण लागले. एक बरगडी गेली, अकॉर्डियनच्या चार पट्ट्या गेल्या. शिराने स्टूल फिरवून मला सोडवलं. पोरीत माझं रक्त आहे.
जमिनीवर उताणा पडलो होतो तेव्हा तारे दिसले. तीनपेक्षा जास्तच. पण तोवर पब रिकामा.

१४ नोव्हेंबर
हे थोडक्यात लिहितो. रिहर्सलनंतर व्हॅनमध्ये वाद झाला. अव्हिएल म्हणाला की रूबेनमामा बरोबर होता, तू पुढे धावतो. व्हॅनचं दार लागलं. जोरात लागलं. त्याची बोटं तिथे होती.
दोन फ्रॅक्चर. नर्सला सांगितलं, वाऱ्याने लागलं. अव्हिएल भिंतीकडे बघत राहिला. परतताना व्हॅन सोफीने चालवली आणि मला बसने यायला सांगितलं. व्हॅनमध्ये जागा नसेल.

९ जानेवारी २००५
बढती! सोफीने मला मॅनेजर केलं. मॅनेजर रिहर्सलला येत नाही, कार्यक्रमालाही नाही. रूबेन तात्पुरता अकॉर्डियन धरणार.
तिने एक अट घातली आहे. उन्हाळ्यापर्यंत कुणाच्याही अंगाला बोट लावलं नाही तर पुन्हा स्टेजवर, नाहीतर कधीच नाही. हसलोच. मी आणि बोट लावणार?

१७ एप्रिल
शेजारच्याने त्याचा कचऱ्याचा बिन पुन्हा आमच्या दारात ठेवला. आता तो त्या बिनमध्ये आहे. म्हणजे होता, निघाला असेल. त्याच्या बायकोला बजावून आलो की सोफीला काही सांगू नका. सोफीला कळलेलं नाही, म्हणजे ते घडलेलंच नाही. अट शाबूत.

३ जुलै
घरात कुजबुज असते. मी किचनमध्ये गेलो की गाणं थांबतं. सरप्राइज असणार. माझ्या अकॉर्डियनच्या तुटलेल्या पट्ट्या बसवून आणल्या, पण रूबेनने दुसरा अकॉर्डियन घेतलाय. मला हवाच होता माझा.

२८ ऑगस्ट
पार्कातल्या लॅटिन फेस्टिव्हलच्या पोस्टरवर बँडचं नाव दिसलं. मला कुणी सांगितलं नव्हतं. विसरले असतील, गडबड असते. इस्त्रीचा शर्ट घातला, अकॉर्डियन गळ्यात अडकवला. मी शांत उभा दिसलो की सोफी स्टेजवरून हाक मारणार, हे नक्की होतं.
गेटवर सिक्युरिटीवाल्याने माझ्याकडे पाहिलं, मग हातातल्या फोटोकडे. फोटो माझा. शिराच्या वाढदिवसाचा, केक कापतानाचा. म्हटलं, कुणी दिला हा? तो म्हणाला, तुमच्या मुलाने. त्याने सांगितलंय, ते आले तर आत सोडू नका, पण सांभाळून बाहेर न्या, त्यांना लागता कामा नये. त्यांची एक बरगडी आधीच मोडून झालीय.
मी मूठ आवळली होती. त्याने माझा हात धरला, अगदी हळू, आजोबांना रस्ता ओलांडून देतात तसा, आणि कार पार्कपर्यंत पोचवलं.
तिथून सगळं ऐकू येत होतं. सोफीचा आवाज इतका मोकळा लागतो हे मला माहीतच नव्हतं. ड्रम छान. कुणी पुढे धावत नव्हतं, कुणी मागे फरफटत नव्हतं. लोक वन्स मोअर ओरडत होते.
भयंकर राग आला. कुणाला तरी मारावंसं वाटलं. आजूबाजूला पाहिलं, तर तिथे माझ्याशिवाय कुणी नव्हतं.